चालत्या डेटाबेसची फेरमांडणी : प्रस्तावना

डेटाबेसवरची बहुतेक पुस्तके कोऱ्या पाटीपासून सुरू होतात. विद्यार्थी, विषय आणि गुण अशी तीन टेबले आखायची, प्रायमरी की आणि फॉरेन की लावायच्या, नॉर्मल फॉर्मची उजळणी करायची, की प्रकरण संपले. नोकरीला लागलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र कोरी पाटी क्वचितच येते. त्याच्या हाती पडतो तो वर्षानुवर्षे वापरात असलेला डेटाबेस. त्याची मूळ आखणी करणारे केव्हाच दुसरीकडे गेलेले असतात, निम्म्या कॉलमांच्या नावांवरून काही बोध होत नाही, एकाच ग्राहकाचा पत्ता चार टेबलांत चार तऱ्हांनी लिहिलेला असतो, आणि या सगळ्यावर रोज लोकांचे काम चाललेले असते. अशा वेळी वरून मागणी येते, की यापुढे एका ग्राहकाचे एकाहून अधिक पत्ते ठेवता आले पाहिजेत. मागणी एका वाक्याची. पण तिच्यासाठी टेबलांमधली नाती बदलावी लागतात, आणि ती कशी बदलायची हे कॉलेजात कुणी शिकवलेले नसते. हे पुस्तक त्या माणसासाठी लिहिले आहे.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉड यांच्या मनात बदलाचा विचार पहिल्यापासून होता, हे आज फारसे कुणाच्या लक्षात नसते. कॉड आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करत. त्यांचा गाजलेला निबंध जून १९७० मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात आला. त्या काळच्या प्रणालींमध्ये एखाद्या नोंदीपर्यंत कोणत्या वाटेने जायचे ते प्रोग्रॅममध्येच पक्के लिहिलेले असे. नोंदींचा क्रम बदलला, इंडेक्स काढून टाकला, वाट बदलली, की प्रोग्रॅम बंद पडत. कॉड यांचे गाऱ्हाणे नेमके हे होते. माहितीची आतली मांडणी बदलली तरी ती वापरणाऱ्याचे काम अडू नये, असा त्यांचा आग्रह होता. पुढे नॉर्मलायझेशनवर लिहिताना त्यांनी त्याचे जे हेतू सांगितले, त्यांत हाही एक होता, की नव्या प्रकारची माहिती आली म्हणून टेबलांची फेरमांडणी करण्याची गरज कमी व्हावी. आपण नॉर्मल फॉर्म परीक्षेपुरते पाठ करतो आणि हा हेतू तेवढा सोडून देतो. गरज कमी होईल, असे कॉड म्हणाले होते. ती संपेल असे त्यांनी म्हटलेले नाही.

टेबलात एक कॉलम वाढवणे आणि दोन टेबलांमधले नाते बदलणे, ही दोन अगदी वेगळ्या वजनाची कामे आहेत. कॉलम वाढवला तर जुन्या नोंदी जे सांगत होत्या तेच सांगत राहतात. नाते बदलले, की प्रत्येक जुन्या नोंदीचा अर्थ नव्याने लावावा लागतो. ग्राहकाच्या टेबलातला पत्ता उचलून वेगळ्या टेबलात नेला, तर आधीच्या सगळ्या ग्राहकांच्या त्या एकुलत्या पत्त्याला काय म्हणायचे? घरचा, बिलाचा, की माल पोचवण्याचा? हे ठरवायला एसक्यूएलची कोणतीही कमांड उपयोगी पडत नाही. ज्या टेबलावर बसून त्या नोंदी झाल्या तिथल्या माणसाला जाऊन विचारावे लागते, जुने फॉर्म काढून पाहावे लागतात. नाते बदलणे म्हणजे आधीच नोंदवून ठेवलेल्या गोष्टींबद्दल नवे विधान करणे. ते विधान खरे आहे अशी खात्री होईपर्यंत जुने पुसायचे नाही, एवढेच मला या पुस्तकात सांगायचे आहे. बाकीची प्रकरणे ही खात्री कशी करून घ्यायची त्याची आहेत.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. विकिपीडिया ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, त्याच्या डेटाबेसची नाती आजवर अनेकदा बदलली, आणि ती कशी बदलली ते उघड्यावर नोंदलेले आहे. सुरुवातीच्या मांडणीत दोन मुख्य टेबले होती. ‘कर्’ या टेबलात प्रत्येक लेखाची चालू आवृत्ती, संपूर्ण मजकुरासह. ‘ओल्ड’ या टेबलात आधीच्या सगळ्या आवृत्त्या, त्याही संपूर्ण मजकुरासह. कुणी लेख संपादित केला, की ‘कर्’मधला मजकूर ‘ओल्ड’मध्ये नकलून घ्यायचा आणि ‘कर्’मध्ये नवा भरायचा. लहान संकेतस्थळासाठी ही मांडणी वाईट नव्हती. पण ‘ओल्ड’मधल्या नोंदी आपल्या लेखाला क्रमांकाने बांधलेल्या नव्हत्या, प्रत्येक नोंदीत लेखाचे शीर्षक लिहिलेले होते आणि तेच नाते होते. त्यामुळे लेखाचे नाव बदलले, की त्याच्या इतिहासातल्या एकूण एक नोंदीचे शीर्षक बदलावे लागे. नुसती इतिहासाची यादी दाखवायची तरी मजकुराने फुगलेल्या टेबलाला हात घालावा लागे. आणखी एक अडचण अशी, की चालू आवृत्तीला स्वतःचा कायमचा क्रमांक नव्हता. ती जुनी झाली आणि ‘ओल्ड’मध्ये गेली, की मग तिला क्रमांक मिळे. आज आपण एखाद्या लेखाच्या नेमक्या आवृत्तीचा कायम दुवा देतो. त्या मांडणीत समोर दिसणाऱ्या आवृत्तीचा असा दुवा देता येत नव्हता.

२००५ मध्ये मीडियाविकीच्या १.५ या आवृत्तीने हे मोडून तीन टेबले केली. ‘पेज’मध्ये लेखाची ओळख, म्हणजे क्रमांक, शीर्षक आणि ताज्या आवृत्तीचा क्रमांक. ‘रिव्हिजन’मध्ये प्रत्येक संपादनाची माहिती, म्हणजे कुणी, केव्हा, काय सारांश देऊन. ‘टेक्स्ट’मध्ये नुसता मजकूर. आता लेखाचे नाव बदलायचे तर ‘पेज’मधली एक नोंद बदलली की झाले.

हे रूपांतर करणारी स्क्रिप्ट मी प्रत्येक शिकाऊ माणसाला वाचायला सांगतो, कारण तिच्या पायऱ्यांचा क्रम फार शहाणपणाचा आहे. ती सुरुवातीलाच ‘कर्’मध्ये एकाच शीर्षकाच्या दोन नोंदी आहेत का ते तपासते. नियमाने अशा नोंदी असायलाच नकोत. पण तो नियम डेटाबेसला कुणी सांगितलेला नव्हता, प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडलेला होता, म्हणून तपासणे आले. मग नवी टेबले तयार करायची, टेबलांना लॉक लावायचे, ‘कर्’मधला मजकूर ‘ओल्ड’मध्ये हलवायचा म्हणजे त्यालाही क्रमांक मिळतो, त्यानंतर ‘रिव्हिजन’ भरायचे, ‘पेज’ भरायचे, लॉक सोडायचे आणि शेवटी ‘ओल्ड’चे नाव ‘टेक्स्ट’ करायचे. मजकुराचा तो प्रचंड साठा आपल्या जागेवरून हललाच नाही. टेबलाचे फक्त नाव बदलले. त्याची खूण पुढेही टिकली. ‘टेक्स्ट’ टेबलातल्या कॉलमांची नावे ‘ओल्ड-आयडी’, ‘ओल्ड-टेक्स्ट’ अशीच राहिली. नवख्याला हा गबाळेपणा वाटतो. मला तो योग्य निर्णय वाटतो. नाव सुंदर करण्यासाठी धोका पत्करण्याची काही गरज नव्हती.

त्या वेळी रूपांतर चालू असताना विकीवर संपादन बंद ठेवणे शक्य होते. पुढच्या दशकात ते परवडण्यासारखे राहिले नाही, आणि पुढची मोठी फेरमांडणी अगदी वेगळ्या रीतीने झाली. तिचा मराठीशी थेट संबंध आहे.

संपादन करताना आपण काय बदलले त्याचा सारांश लिहायची एक चौकट असते. हा सारांश ‘रिव्हिजन’ टेबलातच ठेवला जाई आणि त्या कॉलमची मर्यादा होती २५५ बाइट. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट लागतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना-मात्रा-वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे असतात. ‘मराठी’ हा शब्द पाच चिन्हांचा, म्हणजे पंधरा बाइटचा. इंग्रजीत लिहिणाऱ्याला २५५ अक्षरे मिळत तिथे मराठीत लिहिणाऱ्याला ८५ चिन्हे मिळत. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. त्यावर काम करणाऱ्यांनी कितीतरी वर्षे आपले म्हणणे या एका तृतीयांश जागेत बसवले. हिंदी, बंगाली, तमिळ, थाई लिहिणारेही त्याच अडचणीत होते. टेबलाची आखणी करताना कुणाच्या मनात दुजाभाव नव्हता. तरीही एका कॉलमच्या लांबीने तो घडवला, आणि म्हणूनच स्कीमा हा निव्वळ तांत्रिक विषय आहे असे मला कधी वाटत नाही.

नुसती कॉलमची लांबी वाढवली असती तर काय बिघडले असते? अडचण टेबलाच्या आकाराची होती. ‘रिव्हिजन’ हे आधीच प्रचंड टेबल, आणि त्यात यंत्रमानव सदस्यांनी, म्हणजे बॉटांनी, तोच तो सारांश लाखो वेळा लिहिलेला. म्हणून सारांशांचे वेगळे ‘कॉमेंट’ टेबल झाले. तिथे एकसारखा मजकूर एकदाच ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या क्रमांकाकडे बोट दाखवायचे. २०१८ पासून सारांशाला ५०० चिन्हांची मुभा मिळाली, आणि ही ५०० चिन्हे मराठीलाही ५००च. पाठोपाठ सदस्यनामांचेही तसेच केले. तोवर प्रत्येक संपादनाच्या नोंदीत सदस्याचे नाव अक्षरशः लिहिलेले असे. कुणी नाव बदलून घेतले की अनेक टेबलांतल्या असंख्य नोंदी बदलाव्या लागत. आता ‘ॲक्टर’ नावाच्या टेबलात ते नाव एकदा राहते.

ही कामे चालत्या विकीवर, शेकडो भाषांमधले लोक लिहीत असताना झाली. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये चार अवस्था ठरवलेल्या होत्या. पहिलीत सगळे जुन्याच टेबलात. दुसरीत लिहायचे दोन्हीकडे, वाचताना आधी नव्यात पाहायचे आणि तिथे नसेल तर जुन्यात. तिसरीत लिहायचे फक्त नव्यात, वाचायचे मात्र अजून दोन्हीकडून. चौथीत फक्त नवे. मधल्या काळात पार्श्वभूमीला एक स्क्रिप्ट जुन्या नोंदी थोड्या थोड्या करून नव्या टेबलात नेत राहते. तिसऱ्या अवस्थेपूर्वी काही बिनसले तर एक सेटिंग मागे फिरवले की पूर्ववत होता येते, कारण जुने टेबल तोवर अद्ययावत असते. स्कॉट अँब्लर आणि प्रमोद साडलगे यांनी २००६ च्या आपल्या ‘रिफॅक्टरिंग डेटाबेसेस’ या पुस्तकात जुन्या-नव्या मांडणीच्या सहवासाचा हा काळ फार नीट समजावून सांगितला आहे. ज्याला इंग्रजी वाचता येते त्याने ते जरूर वाचावे.

सहवासाचा हा काळ किती लांबतो याची कल्पना असावी. ‘रिव्हिजन’ला नवा कॉलम जोडणे त्या वेळी जड होते, म्हणून ‘रिव्हिजन’ आणि ‘कॉमेंट’ यांना जोडणारे एक तात्पुरते टेबल केले गेले. त्याच्या नावातच ‘टेम्प’ होते. ते काही वर्षे राहिले, पण शेवटी काढले गेले. माझ्या मते फेरमांडणीतला सर्वांत दुर्लक्षित टप्पा हाच, जुने काढून टाकण्याचा. नवे चालू झाले की वरिष्ठांचा उत्साह संपतो, माणसे दुसऱ्या कामाला लावली जातात आणि जुने कॉलम पडून राहतात. दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाला दोन पत्ते दिसतात आणि खरा कोणता ते सांगायला कुणी नसते. जुने काढायची तारीख कामाच्या पहिल्याच दिवशी कागदावर असावी.

साधनांविषयी थोडे. पुढे त्यांच्यावर सविस्तर प्रकरणे आहेत, म्हणून इथे फक्त नेहमी गाठणारे सापळे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये टेबल बदलणाऱ्या बहुतेक कमांड ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळता येतात. मधेच काही चुकले तर सगळे मागे घेता येते. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये अशी प्रत्येक कमांड आधीचे काम परस्पर पक्के करून टाकते. पाच पायऱ्यांतली तिसरी फसली तर पहिल्या दोन झालेल्याच राहतात, आणि प्रत्येक पायरीची परतीची वाट आपणच लिहून ठेवावी लागते. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी मुळात बंदच असते, प्रत्येक कनेक्शनवर ती चालू करावी लागते. मायएसक्यूएलचे जुने मायआयसॅम इंजिन तर फॉरेन की मुकाट्याने स्वीकारत असे आणि तिकडे दुर्लक्ष करत असे. ५.५ या आवृत्तीपर्यंत तेच मूळ इंजिन होते. त्या काळातल्या डेटाबेसमध्ये स्कीमा लिहिणाऱ्याच्या फाइलीत नाते दिसते, प्रत्यक्षात ते कधीच पाळले गेलेले नसते.

लॉकचे एक गणित मात्र इथेच सांगतो, कारण त्याने भल्याभल्यांना फसवले आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये कॉलम जोडायला एक क्षण पुरतो, पण त्या क्षणासाठी टेबलावर पूर्ण ताबा लागतो. त्याच वेळी कुणाचा लांबलचक रिपोर्ट चालू असेल तर आपली कमांड त्याच्या मागे थांबते. आणि आपण थांबलो, की आपल्या मागून येणारी प्रत्येक साधी क्वेरीही रांगेत थांबते. क्षणाचे काम, पण रिपोर्ट संपेपर्यंत सगळे बंद. म्हणून लॉकसाठी किती थांबायचे त्याची मर्यादा आधी ठरवावी आणि ती उलटली तर माघार घेऊन नंतर पुन्हा प्रयत्न करावा. भरल्या टेबलावर फॉरेन की लावायची असेल तर ती आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून लावता येते: नव्या नोंदी त्या क्षणापासून तपासल्या जातात, आणि जुन्यांची तपासणी सवडीने, लिहिणाऱ्यांना न अडवता होते. पोस्टग्रेएसक्यूएल फॉरेन कीच्या कॉलमवर आपणहून इंडेक्स बांधत नाही, हेही विसरू नये. नाहीतर मूळ टेबलातली एक नोंद काढायला गेलो की दुसरे टेबल सगळे चाळले जाते.

नोंदी एका टेबलातून दुसऱ्यात नेताना त्यांचे जुने क्रमांक टाकून देण्याचा मोह होतो. तो आवरावा. ते क्रमांक आपल्या डेटाबेसबाहेर पोचलेले असतात: छापील पावत्यांवर, दुसऱ्या खात्याच्या एक्सेल फाइलीत, ग्राहकाने जपून ठेवलेल्या ईमेलमध्ये. संगीताच्या ध्वनिमुद्रणांची नोंद ठेवणाऱ्या म्युझिकब्रेन्झ या खुल्या डेटाबेसने २०११ मध्ये आपली मांडणी आमूलाग्र बदलली, पण तिथे आजही एका कलाकाराच्या चुकून झालेल्या दोन नोंदी एक केल्या, तर निवृत्त झालेला क्रमांक वेगळ्या टेबलात राहतो आणि विचारणाऱ्याला योग्य नोंदीकडे नेतो. आपल्याकडे तलाठी दप्तरात ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. सातबाऱ्यावर खातेदार बदलला, की जुने नाव नाहीसे करत नाहीत; त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात. पुढे कधी कुणी विचारले, तर त्या क्रमांकावरून फेरफाराच्या नोंदवहीत कारण सापडते. जुना क्रमांक, नवा क्रमांक आणि बदलाची तारीख, एवढ्या तीन कॉलमांचे टेबल प्रत्येक फेरमांडणीत असावे.

एका उलट्या चुकीबद्दलही सावध करायला हवे. नॉर्मलायझेशन शिकलेला उत्साही माणूस जिथे तीच गोष्ट दोनदा दिसते तिथे एक काढून टाकतो. बिलाच्या ओळीत कराचा दर लिहिलेला आहे आणि वस्तूंच्या टेबलातही आहे, मग बिलातला काढू या, असे त्याला वाटते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले. ज्याने बिलातला दर काढून टाकला असेल, त्याच्या संगणकावर आदल्या दिवशीचे बिल नव्या दराने छापले जाईल. बिलातला दर हा ‘त्या दिवशी काय आकारले’ याची नोंद आहे आणि वस्तूच्या टेबलातला दर ‘आज काय आकारायचे’ याची. आकडा सारखा दिसला तरी विधाने दोन आहेत. बिलावरचा पत्ता, पावतीवरचे नाव, प्रमाणपत्रावरचा हुद्दा यांचेही तसेच. दोन नोंदी एकत्र करण्यापूर्वी विचारायचे ते एवढेच, की एक बदलली तर दुसरीनेही बदलायला हवे का. उत्तर नाही असेल तर हात लावू नये.

चार अवस्थांची रीत सगळीकडे लागते असेही नाही. रविवारी ज्यांचे काम बंद असते अशा लहान संस्थेने शनिवारी संध्याकाळी डेटाबेस बंद करावा, बॅकअप घ्यावा, बदल करावा, तपासावा आणि सोमवारी उघडावा. दोन्हीकडे लिहिणारा प्रोग्रॅम हा स्वतःच चुका करू शकणारा प्रोग्रॅम असतो. बंद ठेवणे शक्य असेल तिथे ती गुंतागुंत ओढवून घेण्यात काही शौर्य नाही. मात्र तपासणी दोन्ही ठिकाणी सारखीच हवी. बदलाआधी आणि नंतर नोंदींची संख्या जुळते का, रकमांच्या बेरजा जुळतात का, ज्यांचा मूळ ग्राहकच सापडत नाही अशा पोरक्या नोंदी किती, त्यांचे काय केले. साध्या जॉइनने नोंदी हलवल्या तर अशा पोरक्या नोंदी एकही चूक न दाखवता गळून जातात. गळालेली नोंद कुणाचे तरी पैसे किंवा कुणाचा तरी अर्ज असते.

राहिला बॅकअप. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत अडचण सोडवता सोडवता मुख्य डेटाबेसची माहिती चुकून पुसली गेली. बॅकअप शोधायला गेल्यावर कळले, की रोजचा पीजी-डम्प आवृत्ती न जुळल्यामुळे तयारच होत नव्हता, आणि तो जिथे साठवायचा ती जागा रिकामी होती. आदल्या काही तासांची एक प्रत योगायोगाने होती म्हणून सुमारे सहा तासांच्या माहितीवर निभावले. कंपनीने हे सगळे स्वतःहून जाहीर केले, त्यामुळे आपल्याला त्यातून शिकता येते. तिथे बॅकअपची व्यवस्था होती. तो परत भरून पाहण्याची नव्हती.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी आपल्या डेटाबेसचा कालचा बॅकअप घ्या, दुसऱ्या एका संगणकावर तो भरा, आणि आपला नेहमीचा प्रोग्रॅम त्याच्यावर चालतो का ते पाहा. या पुस्तकातली सगळी उदाहरणे त्या प्रतीवर करायची आहेत.